पालथीबाई आणि ती बया

माझी सून पोटावर पडून नोकरी करते. हसू नका, खरं तेच सांगतेय. सकाळी उठते, डबा भरते, बंदरावर जाते आणि तरंगत्या धक्क्याच्या फळ्यांवर पालथी पडून उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घालते. धक्क्याच्या खालच्या अंगाला जे जे काही चिकटून वाढलेलं असतं, ते चाचपत चाचपत पुढे सरकते. गाल फळीला टेकलेला, डोळे मिटलेले. मी पहिल्यांदा तिला तशी बघितली तेव्हा वाटलं, पोरगी चक्कर येऊन पडली! धापा टाकत गेले, तर म्हणते कशी, "आई, जरा बाजूला व्हा ना, फळ्या हलतायत." समुद्रातल्या जिवांच्या अभ्यासात ती डॉक्टर झालीय, पण बंदरावर तिला तसं कुणी ओळखत नाही. तिथे ती पालथीबाई.

मी शिवणकाम करते. कपड्यांचं नव्हे, बोटींच्या झाकणांचं. घराच्या पुढच्या खोलीत माझं मोठं मशीन आहे, जाड ताडपत्री लोण्यासारखी शिवतं. नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता, तेव्हापासून मी आणि हे मशीन. या गावातली निम्मी झाकणं माझ्या हातची आहेत, आणि एकाही झाकणाखाली बुरशी धरलेली कुणी दाखवून द्यावी! कापडाला श्वास हवा, हा माझा मंत्र. त्यामुळे सून घरात आली आणि वाळत घातलेल्या तिच्या सगळ्या सदऱ्यांची उजवी बाही विटलेली, डावी नवी कोरी, हे माझ्या डोळ्यांना सहन होईना. शेवटी मी तिला बटणांनी निघणाऱ्या उजव्या बाह्या शिवून दिल्या. विटली की बदल. एवढी खूश झाली की काय सांगू, प्रयोगशाळेत सगळ्यांना बाही काढून दाखवत सुटली.

तर तिचं काम काय? समुद्र तापतोय, आणि तापल्या पाण्याबरोबर कोण कोण नवे भाडेकरू येऊन राहतायत ते शोधायचं. बोटी गरम समुद्रांतून येतात, त्यांच्या तळाला चिकटून हे जीव येतात. पूर्वीही यायचे, पण हिवाळ्यात गारठून मरायचे. आता हिवाळ्यातही पाणी कोमट. मग कशाला मरतील? बोट दिलं की मनगट धरणारी जात ती.

आणि यातली एक तिच्या जिवावरच उठलेली. तिचं शास्त्रीय नाव माझ्या जिभेला झेपत नाही, मी तिला 'ती बया' म्हणते. दिसायला अशी की वितळलेलं मेण ओघळून गोठलंय. फिकट पिवळी, लिबलिबीत. हजारो बारीक जीव एकमेकांना धरून एकच चादर बनवतात, आणि ती चादर जे समोर येईल त्यावर चढते. माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, दुसऱ्या एका बंदरात शिंपल्यांची शेती करायचे. तराफ्यावरून दोर सोडायचे, दोरांना काळ्या शिंपल्यांचे घोस. सुनेला ही बया पहिल्यांदा तिथेच सापडली, वडिलांच्याच धक्क्याखाली. तेव्हा सून कामात नवीन होती, घाबरत होती. चुकीचं बोलले तर हसं होईल म्हणून नमुना मोठ्या तज्ज्ञाकडे पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसली. उत्तर आलं तोवर बयेनं एक उन्हाळा गाठला होता. पिलावळ झाली, दोर झाकले, आतले शिंपले गुदमरून मेले. व्याह्यांनी तराफा मोडला. पोरीला ते एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच तिला खात होतं. त्यानंतर त्यांनी समुद्राकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. दुसऱ्यांची व्हॅन चालवायला लागले.

आणि हिवाळा संपता संपता, एक दिवस भर दुपारी सून घरी आली ती धावतच. उजवी बाही नाही, दंडावरून पाणी ठिबकतंय, पायात एकच चप्पल. मी मशीनवर होते.

"आई! ती इथं आलीय!"

"कोण गं?"

"तुमची बया!"

माझी बया म्हणे! जशी काही मीच तिला जेवायला बोलावली होती. पण पोरीचा चेहरा बघितला आणि मस्करी घशातच राहिली. घाबरलेली होती, आणि तरी डोळे असे चमकत होते की मला वाटलं, हिला ताप भरलाय. "एकाच धक्क्याखाली आहे, आई. फक्त टोकाच्या. बाकी सगळे मी आत्ता चाचपून आले, स्वच्छ आहेत. आणि पाणी अजून थंड आहे. अठरा अंशांना ती पिलं सोडते. त्याच्या आत मारली तर संपली! कळतंय का तुम्हाला? या खेपेला मी वेळेवर आहे!"

मला कळलं. टोकाच्या धक्क्यापलीकडे, बंदराच्या भिंतीबाहेर, शिंपल्यांचे तराफे आमच्या गच्चीवरूनही दिसतात. तिथे दुसऱ्या कुणाचे तरी बाबा होते.

या वेळी तिनं कुणाच्या उत्तराची वाट बघितली नाही. नमुना पाठवला तो पाठवला, आणि त्याच पावली बंदराच्या साहेबाला गाठलं. हा साहेब म्हणजे गळ्यात शिट्टी घालून फिरणारा माणूस, साध्या गप्पांतसुद्धा मध्येच एक शिट्टी मारेल. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? माणसं लावतो, खरवडून टाकतो." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी दोन माणसं खरवडण्या घेऊन हजर! सून धक्क्यावर त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली. माझी सून कधी आवाज चढवत नाही, घरात ते खातं माझ्याकडे आहे. पण त्या दिवशी अख्खं बंदर थांबून ऐकत होतं. "एक तुकडा खाली पडला तर तो जिथे पडेल तिथे नवा संसार मांडेल! तुम्ही तिला मारत नाही, तुम्ही तिला पेरताय!" साहेबाच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर आली.

"मग करायचं काय?" त्यानं विचारलं.

"कोंडायचं," सून म्हणाली. "धक्क्याला खालून झाकण घालायचं. आतलं पाणी बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. आतला प्राणवायू संपला की सगळं मरतं. आहे तिथेच, एक तुकडाही न सांडता."

"आणि धक्क्याएवढं झाकण शिवणार कोण?"

मी तिथेच होते, डबा द्यायला गेले होते. कुणी काही बोलायच्या आत मी पदर खोचला. आयुष्यात बोटींना वरून झाकणं घातली, धक्क्याला खालून झाकण घालायचं माझ्या बापजन्मी कुणी सांगितलं नव्हतं. काय सांगू, अंगात वीस वर्षांची पोरगी संचारली माझ्या! साहेबानं बोटी हलवून दिल्या, पण बजावलं, "पाणी अठराला टेकलं की माझं धोरण वेगळं. मग ही बया कायमची राहिली असं मी वर कळवणार, आणि बोटी परत लावणार." म्हणजे बयेला कायमचं बिऱ्हाड. सून म्हणाली, "टेकायच्या आत करून दाखवते."

मग आमच्या घराची जी दशा झाली! पुढच्या खोलीत ताडपत्री, जिन्यावर ताडपत्री, पलंगावर ताडपत्री. माझा मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो, त्याच्या टेबलावर दातांच्या ओळी आणि शेजारी माझी रिळं. एकदा शिवणीत एक दाढ सापडली. आणि या गोंधळात, न सांगता न सवरता, दारात पिशवी घेऊन व्याही हजर.

"रजा काढली," एवढंच म्हणाले. पोरीनं फोनवर सांगितलं होतं, त्यांना घरी बसवलं नसेल.

मी म्हटलं, "या व्याहीबुवा, आलाच आहात तर हे टोक धरा."

टोक धरायचे, ताडपत्री ओढायचे, माझ्याशी भांडायचे, सगळं करायचे. पण धक्क्यावर पाऊल टाकेनात. किनाऱ्यावर, बोटी बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसून राहायचे, आणि लेक आली की विचारायचे, "पाणी किती?"

पहिली झाकणं शिवताना सून माझ्या मानगुटीवर बसली होती, एकेक टीप बघत होती. मग तिला बंदरावर जाणं भाग पडलं आणि शेवटची झाकणं मी एकटीनं रेटली. बंदराचा पाणबुड्या खाली उतरला, त्यानं एकेक झाकण धक्क्याच्या पोटाला गुंडाळलं, वर फळ्यांवर आम्ही दोऱ्या आवळल्या. झालं! धक्क्याला लंगोट बांधल्यासारखं दिसत होतं. मी तसं म्हटलं, तर साहेबानं हसता हसता शिट्टीच गिळली असती.

मग मोजणं सुरू. प्रत्येक झाकणात एक नळी सोडलेली, तिच्यातून सून यंत्राची तार आत घालायची आणि प्राणवायू किती उरलाय ते वाचायची. पहिल्या झाकणांतला आकडा घसरत घसरत शून्यावर आला. आम्ही टाळ्या पिटल्या. पण टोकाकडची झाकणं? ढिम्म. आकडा थोडा उतरायचा आणि तिथेच बसायचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि वर ऊन असं तापायला लागलं होतं की फळ्यांवर पाय ठेववेना. सतरा अंश. सतराच्या वर. व्याह्यांनी "पाणी किती?" विचारणंही सोडलं.

सुनेनं यंत्र बदललं, तार बदलली. पाणबुड्याला पुन्हा पुन्हा खाली पाठवलं, कुठे फाटलंय का बघायला. तो वर आला की मान हलवायचा. तेव्हा माझा पारा चढला. "माझ्या शिवणीला नाव ठेवायला जागा नाही," मी त्याला सुनावलं, "तुलाच बांधता आलं नसेल! पाण्याखाली काय डुलक्या काढतोस?" बिचारा काळाठिक्कर पडला. सून धक्क्यावर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, "आई, ती आत जिवंत आहे. कुठून तरी श्वास घेतेय."

श्वास.

 मी फळीवर बसले, मग आडवी झाले, मग सरळ पालथी पडले आणि पाण्यात हात घालून झाकणाची वरची दुमड चाचपली. दुमडीखाली बोट गेलं. बोटाला जाळी लागली.

कप्पाळ माझं! झरोका! प्रत्येक बोटीच्या झाकणाला मी दुमडीखाली जाळीचा झरोका ठेवते, वारा खेळता राहावा म्हणून. सून समोर होती तोवर शुद्धीत होते. एकटी बसले आणि हातांनी आपलं तेच केलं, मला न विचारता. बयेला कोंडून मारायचं होतं, आणि मी तिला खिडकी ठेवून दिली होती, वर जाळीसुद्धा, डास येऊ नयेत म्हणून! जित्याची खोड म्हणतात ती ही. आणि शिव्या कुणाला, तर पाणबुड्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"अगं, मीच गं!" मी ओरडले. "मीच तिला श्वास दिला! माझेच हात मेले!"

सुनेनं डोकं वर केलं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला पाण्यात ढकलेल, आणि ढकललं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग फिस्सकन हसली. हसता हसता उठली. "म्हणजे यंत्र बरोबर होतं! गणित बरोबर होतं! आई, दाभण कुठंय?"

झाकण काढून चालणार नव्हतं, ओढाताणीत बयेचे तुकडे सुटले असते. जागच्या जागी, पाण्यात हात घालून, जाळीवर ठिगळं लावायची होती. मुलगा कवळ्या टाकून मेणाचा दोरा आणि दाभणं घेऊन धावत आला. पाण्याखालून पाणबुड्या ठिगळ दाबून धरायचा आणि वरून आम्ही ओवायचो. मी एका कडेला पालथी, सून दुसऱ्या कडेला पालथी, आणि साहेब माझे पाय धरून बसलेला, कारण मला पोहता येत नाही. "घट्ट धर," मी त्याला दटावलं, "मी पडले तर तुझं धोरण काय ते कळव वर!" दाभण निसटत होतं, बोटं सुजली, दाभणानं टोचलेल्या जागा मिठानं चुरचुरत होत्या. पण बाई, मजा काय येत होती! चौघं एकदम ओरडतायत, "ओढ!" "सोड!" "माझं बोट आहे ते!"

आणि शेवटच्या झरोक्याला आमचे हात पुरेनात. तो धक्क्याच्या अगदी टोकाला होता. तेवढ्यात फळ्या हलल्या. मागून कुणीतरी जड पावलं टाकत येत होतं. व्याही. चपला किनाऱ्यावर सोडून आले होते. सरळ टोकाला पालथे पडले, लांब हात पाण्यात घातला आणि म्हणाले, "विहीणबाई, दाभण इकडे."

सून बघत होती. पण दोरा हातातून सोडला नाही तिनं.

त्यानंतर आकडा पडला. असा पडला की दुसऱ्या दिवशी सून यंत्राचा पडदा घेऊन धक्काभर सगळ्यांना दाखवत नाचली. पाणी अठराला टेकलं, ते टेकेपर्यंत आत शून्य होऊन गेलं होतं. मग झाकण उघडलं, आणि काय तो वास! सडक्या अंड्यांची गाडी उलटावी तसा. साहेब नाक धरून पळाला. आत सगळं काळं, गळालेलं. बयेबरोबर धक्क्याखालचे आपले जुने जीवही मेले होते, ते बघून सून हळहळली. "हे येतील परत," म्हणाली, "शेजारच्या धक्क्यांवरून. त्यांना वेळ देऊ." पण तिचे डोळे पाण्यानं भरले होते, आणि ते वासानं नव्हे.

काम तिथे संपलं नाही. ती मरायच्या आधी, अठराची वाट न बघता, झरोक्यातून एखादं पिलू बाहेर निसटलं असेल तर? माझ्या झरोक्यातून! त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली ती याच विचारानं. पिलं फार लांब पोहत नाहीत, आजूबाजूलाच चिकटतात. म्हणून सुनेनं शेजारच्या सगळ्या धक्क्यांखाली चिनी मातीच्या फरश्या दोरीनं टांगून ठेवल्या. उन्हाळाभर त्या तिथे, आणि उन्हाळा सरताना वर काढायच्या. एखाद्या फरशीवर तिळाएवढा पिवळा ठिपका दिसला की संपलं.

फरश्या निघाल्या त्या दिवशी आम्ही सगळे प्रयोगशाळेत. छोटी खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप, आणि पाण्याच्या ट्रेमध्ये फरश्यांची रांग. सून एकेक फरशी भिंगाखाली सरकवत होती. आम्ही श्वास रोखून. फरशीवर काय काय होतं! इवल्या शिंपल्या, गुलाबी पंखे, पारदर्शक नळ्या, हिरवं शेवाळ. सगळे जुने शेजारी. ती बया? नाही. पुढची फरशी. नाही. पुढची. नाही. मला तर दर फरशीला नवस बोलावासा वाटत होता. शेवटची फरशी तिनं इतका वेळ बघितली की माझा जीव कासावीस झाला.

"बोल की गं बाई!"

ती बाजूला झाली. "बाबा, तुम्ही बघा."

व्याह्यांनी चष्मा काढला, डोळा लावला. बराच वेळ बघत होते. "काय बघायचंय?"

"काय दिसतंय?"

"काही नाही. म्हणजे शिंपल्यांची पोरं आहेत बारीक बारीक. बाकी काही नाही."

"नीट बघा."

"अगं, नाहीये काही!" आणि ते तसेच थांबले. डोळा काढेनात. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ती बघू. आधीची." तिनं आधीची दिली. "त्याच्याआधीची." तिनं तीही दिली. त्या म्हाताऱ्यानं पहिल्या फरशीपर्यंत सगळ्या फरश्या पुन्हा बघितल्या, एकेक, आणि दर वेळी "काही नाही" म्हणताना त्यांचा आवाज चढत गेला, शेवटी शेवटी तर माणूस ओरडतच होता, "काही नाही! काही नाही!" आणि मीही त्यांच्याबरोबर ओरडत होते. काही नाही, या गोष्टीचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

सून म्हणाली, "हे यंदाचं झालं, बाबा. पुढच्या वर्षी पाणी आणखी तापलेलं असेल. ती नाहीतर तिची दुसरी बहीण येईलच."

"येऊ दे ना," व्याही म्हणाले, आणि खदखदून हसले. मोठ्यानं, पोट धरून, टेबलावर हात आपटून. पाण्याचा ट्रे हिंदकळला. सुनेनं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की दुखलं.

"आई," ती म्हणाली, "बाबा हसतायत. माझ्यासमोर. तराफा मोडल्यापासून पहिल्यांदा."

मी हात सोडवून घेतला नाही.